प्रकल्प नोंदी: दोघींसाठी भाड्याचं घर

४ जानेवारी, रविवार

ऑफिसात प्रत्येक कामाची वही ठेवतेस, मग घर शोधायची का ठेवत नाहीस, असं आई सकाळी म्हणाली. ठेवते.

परिस्थिती अशी: माझं ऑफिस उपनगरात हललं आहे. आत्ताचं घर मालकांना त्यांच्या मुलासाठी हवं आहे, म्हणून १० मार्चपर्यंत रिकामं करायचं आहे. हातात नऊ आठवडे. राहणाऱ्या दोघी, मी आणि आई. आई ७१ वर्षांची. तिला काचबिंदू आहे. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस झिजत जाते, आधी कडेची नजर जाते आणि गेलेली परत येत नाही. रोजचे थेंब असतात ते उरलेली नजर टिकवण्यासाठी. आईला समोरचं नीट दिसतं, वाचताही येतं. पण पायाशी काय आहे ते मान खाली घातल्याशिवाय कळत नाही.

पैशांचं गणित आधी केलं. भाडं पगाराच्या तीस टक्क्यांत बसवा, असं जो तो सांगतो. हा आकडा आला कुठून ते शोधलं. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांच्या भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि १९८१ साली ती ३० टक्के झाली. म्हणजे तो सरकारी घरांत राहणाऱ्यांसाठी ठरलेला आकडा आहे, त्यात माझा रोजचा प्रवास धरलेला नाही. मी भाडं, देखभाल खर्च आणि प्रवास एकत्र धरून पगाराच्या ३५ टक्क्यांची रेघ मारली. डिपॉझिट आणि सामान हलवण्याचे पैसे बचतीतून, ते वेगळे.

मग यादी. दोन खोल्या, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, दारापासून ऑफिसपर्यंत ४५ मिनिटांच्या आत, पाणी चांगलं, खिडक्या मोठ्या. लिफ्ट असेल तर कितवाही मजला. आईला वाचून दाखवली. "छान आहे," म्हणाली, आणि मी यादी पक्की केली.

७ जानेवारी

जाहिराती पाहायला लागले की डोकं चालेनासं होतं. पहिलं बरं दिसलेलं घर घ्यावं की आणखी दहा पाहावीत? या कोड्यावर गणितज्ञांनी काम केलेलं आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९६० साली ते 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात मांडलं होतं. उत्तर असं: एकूण जितके पर्याय पाहणार त्यातले पहिले साधारण ३७ टक्के फक्त पाहायचे, घ्यायचे नाहीत. त्यानंतर आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस असा जो पहिला समोर येईल तो घ्यायचा.

नऊ आठवड्यांत मला बारा घरं पाहता येतील. त्याचे ३७ टक्के म्हणजे साडेचारच्या आत. तेव्हा पहिली चार घरं डोळे तयार करायला. गणितात एकदा सोडलेला पर्याय परत मिळत नाही. घरांचं अगदी तसं नसतं, आठ दिवसांनी फोन केला तर घर रिकामं असूही शकतं. तरी घाई आणि टाळाटाळ या दोन्हींना लगाम म्हणून हा नियम ठेवते.

१० जानेवारी

एक जाहिरात फारच चांगली. लाकडी फरशी, खिडकीत झाडं, भाडं आजूबाजूच्या घरांच्या निम्मं. मालक परदेशात, चावी कुरिअरने पाठवणार, त्याआधी डिपॉझिट भरायचं. हे फोटो आणखी कुठे आहेत का ते इंटरनेटवर शोधलं, तर तेच दोन वेगळ्या शहरांतल्या दोन वेगळ्या जाहिरातींत सापडले. तक्रारीचं बटण दाबलं.

आपल्यासाठी नियम: आत पाय ठेवल्याशिवाय आणि घर दाखवणाऱ्याचा घराशी संबंध काय हे कागदावर पाहिल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही.

११ जानेवारी, रविवार

घर १. जाहिरातीतलं क्षेत्रफळ आणि टेपने मोजलेलं यात जवळजवळ एका खोलीचा फरक. एजंट म्हणाले, "मॅडम, यात जिना, लॉबी सगळं धरतात." धरत असतील, पण पलंग कार्पेट एरियातच मावला पाहिजे. यापुढे फोनवरच पहिला प्रश्न कार्पेट एरियाचा.

घर २. सगळ्यात वरचा मजला, सुंदर हवा, मोकळं आकाश. मी मनातून जवळजवळ हो म्हटलं होतं. मग न्हाणीघरातला नळ सोडला. जवळ एक लिटरची बाटली होती ती नळाखाली धरली, भरायला २४ सेकंद. म्हणजे मिनिटाला अडीच लिटर. आंघोळीच्या शॉवरला याच्या दुप्पट-तिप्पट तरी हवं. नळाची जाळी काढून पाहिली, स्वच्छ होती. कारण साधं आहे: पाण्याचा दाब टाकी किती उंच आहे त्यावर ठरतो, दर १० मीटर उंचीला सुमारे १ बार. टाकी याच गच्चीवर, नळापासून जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे दाब ०.३ बार. खालच्या मजल्यांवर पाणी धो धो येत असेल आणि वर धार बारीक, हे टाकीच्या बिल्डिंगमध्ये ठरलेलंच. वरच्या मजल्यासाठी वेगळा पंप बसवला असेल तर प्रश्न नाही, इथे तो नव्हता.

बाटली आता पिशवीत कायमची.

१७ जानेवारी

घर ३. बाकी भिंती जुन्या रंगाच्या आणि एकच ताजी रंगवलेली. तिच्या तळाशी हात लावला तर गार. कपाटाच्या मागे पांढरा खार फुटलेला. भिंतीतलं पाणी बाहेर येताना सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. खार ही ओलीची सहीच म्हणायची. नको.

१८ जानेवारी, रविवार

घर ४. आज आईला सोबत नेलं. खरं तर तिने यायचा आग्रह धरला म्हणून नेलं, मी एकटीच जाणार होते.

घर चांगलं होतं. स्टेशन सहा मिनिटांवर, लॉबीला नुकत्याच नव्या चकचकीत फरश्या घातलेल्या. ऊन लख्ख होतं. आम्ही दारातून आत शिरलो आणि आई दुसऱ्याच पायरीला अडखळली. मी हात धरला म्हणून पडली नाही. ती पुन्हा उभी राहिली, कठड्याला घट्ट धरून, आणि तशीच थांबली. "थांब गं. अजून काही दिसत नाहीये मला." किती वेळ ते मी घड्याळात पाहिलं नाही, पण वर गेलेला एजंट परत खाली आला इतका वेळ.

घर बघून झाल्यावर मी टेप घेऊन जिन्यापाशी बसले. पायऱ्यांची उंची मोजली. दुसरीपासून पुढे सगळ्या १६५ मिलिमीटर, एखादी १६६. पहिली १३०. जुन्या फरशीवरच नवी फरशी घातली, लॉबी ३५ मिलिमीटर वर आली आणि पहिली पायरी तेवढी बुटकी झाली. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत एका जिन्यातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी पायरी यांत फार तर ९.५ मिलिमीटर फरक चालतो. नियम इतका कडक आहे, कारण जिना चढताना आपण प्रत्येक पायरी पाहत नाही. पहिल्या एक-दोन पायऱ्यांवरून पाय उंची शिकतो आणि पुढे ती गृहीत धरतो. ज्याला दिसतं त्याचा तोल सावरतो. आईला पायरीही दिसली नाही आणि पायाला कळलेली उंचीही खोटी निघाली.

परत येताना ती रिक्षात गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या यादीत मी फक्त 'आई' एवढीच आहे का?"

मी यादी काढून पाहिली. ती खरंच माझी यादी होती. स्टेशन माझं, ४५ मिनिटं माझी. दिवसाचे दहा-बारा तास घरात आई असणार आहे.

१९ जानेवारी

रात्री बसून यादी नव्याने लिहिली, या वेळी आई सांगत होती आणि मी लिहीत होते. तिने जे सांगितलं ते तसंच:

"बाहेरून आत येताना एकदम अंधार नको. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा दिसायला हव्यात. फरशी चकचकीत नको, खिडकीचा उजेड त्यावर पडला की मला पाणी सांडल्यासारखं वाटतं. रात्री उठून बाथरूमला जाते, तर वाटेत उंबरा नको. आणि दुपारी मला झोप लागते तेवढीच, रात्रीची लागत नाही, तर दुपारी शांत हवं."

यातलं एकही माझ्या पहिल्या यादीत नव्हतं. 'मोठ्या खिडक्या' होत्या, पण उजेड किती यापेक्षा तो कुठे आणि कसा बदलतो हे महत्त्वाचं आहे. थोडं वाचलं. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होतं. साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. उन्हातून अंधारात आल्यावर डोळ्यातल्या शंकूपेशींना जुळवून घ्यायला दहाएक मिनिटं लागतात आणि अंधारात पाहणाऱ्या दंडपेशींना अर्धा तास. हे निरोगी डोळ्याचं. काचबिंदूत आणखी वेळ जातो. म्हणजे काल आई घाबरून थांबली नव्हती, तिला खरोखरच दिसत नव्हतं. हे मला तिच्या काचबिंदूच्या चार वर्षांत कळायला हवं होतं.

फोनवर उजेड मोजायचं ॲप घेतलं. फोनचा सेन्सर काही प्रयोगशाळेचा नाही, पण एकाच फोनने सगळीकडे मोजलं तर तुलना करता येते. पडताळा म्हणून घर ४ च्या दारात आज ऑफिसला जाताना मोजून आले: दाराबाहेर ऊन, सुमारे ४०,००० लक्स, आत पहिल्या पायरीवर १२.

पहिली चार घरं डोळे तयार करायला होती. ती मी चुकीच्या यादीने पाहिली, तरी चौथ्याने काम केलं.

२४ जानेवारी

घर ५. जिना उजेडाचा, पण बाथरूम चार इंच उंच. नको.

२५ जानेवारी, रविवार

घर ६. मुद्दाम संध्याकाळी सातला गेलो, दोघी.

तीन मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, घर पहिल्या मजल्यावर. मालकीणबाई तळमजल्यावरच राहतात. त्यांनी स्वतः दार उघडलं. जिन्याला मधल्या वळणावर खिडकी आहे आणि दारावर पुढे आलेलं छत, त्यामुळे बाहेरून आत येताना उजेड पायरीपायरीने उतरतो. दिवे लावल्यावर वरच्या पायऱ्यांवर १४० लक्स, खालच्यांवर ३५. खालचा एक दिवा गेला होता. पायऱ्या मोजल्या, १६२ ते १६५. फरशी जुनी, मातकट, अजिबात न चमकणारी. एक लिटरची बाटली ९ सेकंदांत भरली.

आईने खोल्या पाहिल्या नाहीत. ती जिना दोनदा चढली-उतरली आणि मग खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "इथे मला वाचता येईल."

"अहो, दुपारी या एकदा," मालकीणकाकू तिला म्हणाल्या. "मागे शाळा-बिळा काही नाही, पाखरं तेवढी बोलतात."

माझी अडचण: स्टेशन २२ मिनिटांवर. कागदावर ऑफिसपर्यंत तासभर. आणि बेडरूमच्या बाथरूमकडच्या भिंतीवर वरच्या कोपऱ्यात काळसर डाग. मी काकूंना विचार करून कळवते म्हणाले. आई वाटेत काही बोलली नाही, त्यामुळे मला जास्तच लागलं.

१ फेब्रुवारी, रविवार

घर ७: फोनवर मालकांनी विचारलं, घरात पुरुष माणूस कोण? मी म्हटलं, भाडं माझ्या पगारातून येतं. त्यांनी फोन ठेवला. ते घर पाहिलंच नाही, तरी यादीत धरते, कारण त्या दिवसाची सुट्टी गेली.

घर ८: खाली दुकानाचं गोदाम, दुपारी माल उतरतो. नको.

५ फेब्रुवारी

घर ९. ऑफिस सुटल्यावर एकटीच गेले. स्टेशन सात मिनिटांवर, दारापासून ऑफिस ३४ मिनिटं, लिफ्ट दाराशी, जिन्यात आपोआप लागणारे दिवे, लॉबीत २०० लक्स. फरशी मॅट. पाणी ८ सेकंदांत. भिंती कोरड्या. पहिल्यांदाच दोन्ही याद्यांत बसणारं घर. नियमानेही हेच, आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस.

एजंट म्हणाले, "मॅडम, उद्या दुसरी पार्टी येतेय, टोकन आजच टाका." मी ४८ तास मागितले. घर त्या वेळेत गेलं तर जाऊ दे. टोकन घाईत दिलं आणि मग मन बदललं तर ते परत मिळेल असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते मिळत नाही.

७ फेब्रुवारी

आईला घेऊन गेले. तिलाही आवडलं. टोकन देणारच होते, पण आई म्हणाली, "मी जरा इथे बसते." रिकाम्या बेडरूममध्ये खुर्ची नव्हती, ती खाली जमिनीवर भिंतीला टेकून बसली. मी एजंटशी करारातले मुद्दे बोलत उभी होते. वीसेक मिनिटांनी तिने हाक मारली. "इकडे ये आणि हात ठेव इथे."

भिंतीला हात लावला. काही ऐकू येत नव्हतं म्हणावं तर येत होतं, अगदी खालच्या पट्टीतला घुर्र आवाज. तळहाताला मुंग्या आल्यासारखं. माझी बाटली जमिनीवर ठेवली होती. झाकण काढलं आणि उजेडाकडे तिरकं पाहिलं तर पाण्यावर बारीक बारीक वलयं थरथरत होती. अकरा मिनिटांनी आवाज थांबला, पाणी काचेसारखं झालं.

वॉचमनकाकांना विचारलं. पाण्याचा पंप याच खोलीच्या खाली आहे. टाकीतली पातळी उतरली की तो आपोआप सुरू होतो, दिवसातून सात-आठदा, पहाटे साडेचारलाही.

फोनच्या ॲपवर फक्त ४१ डेसिबल आले. आकडा लहान वाटतो. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपेच्या खोलीसाठी ३० डेसिबल सांगितले आहेत, आणि दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. शिवाय असा आवाज हवेतून येत नाही, तो कॉलममधून आणि भिंतीतून येतो. खिडक्या बंद करून, पडदे लावून काही होत नाही. पंपाखाली रबरी गाद्या बसवल्या तर फरक पडतो, पण ते आमच्या हातात नाही. एजंटनी मालकांना फोन लावून विचारलं. मालक म्हणाले, सगळ्यांना सवय होते.

टोकन दिलं नाही.

रस्त्यात मला रडू आलं. आईने विचारलं नाही, फक्त पिशवी स्वतःकडे घेतली.

८ फेब्रुवारी, रविवार

आज हिशेब. घर ६ आणि घर ९ यांत माझा एका बाजूचा फरक २४ मिनिटं, दिवसाला ४८, महिन्याचे २२ दिवस धरले तर साडेसतरा तासांहून थोडे जास्त. हे लहान नाही. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली लिहिलं आहे की माणूस पायी जात असो वा गाडीने, रोजच्या प्रवासाला सरासरी तासाभराच्या आसपासच वेळ देतो. माझा दोन तासांच्या जवळ जाणार. अलोइस श्टुत्सर आणि ब्रूनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या घरांच्या पाहणीवरून २००८ साली दाखवलं की ज्यांचा प्रवास लांब ते आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात, आणि चांगल्या घराने किंवा पगाराने ती भरपाई पूर्ण होत नाही. लोक घर निवडताना हा तोटा कमी धरतात.

मी तो कमी धरत नाहीये. पूर्ण धरूनही घर ६ मला हवं आहे असं आज सकाळी उठल्यावर वाटलं, आणि संध्याकाळीही तसंच वाटतंय. प्रवासातला वेळ वाचनाला, झोपेला वापरता येईल. लवकरची गाडी पकडली तर बसायला मिळतं. आईला मात्र जिन्यातल्या अंधाराचा दुसरा काही उपयोग करता येणार नाही.

काकूंना फोन केला. घर रिकामं आहे. "मला वाटलंच होतं तुम्ही याल," म्हणाल्या. "तुझी आई जिना मोजत होती, घर नको असलेली माणसं जिना मोजत नाहीत."

१५ फेब्रुवारी, रविवार

डागाचा प्रश्न सुटल्याशिवाय सही नाही, हे काकूंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मोकळेपणाने परवानगी दिली. डागाजवळच्या भिंतीवर जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा लावला, चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. एक दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे आले तर ओल भिंतीतून येते आहे, म्हणजे पाइप किंवा बाहेरची भेग. खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसते आहे.

१६ फेब्रुवारी

आतली बाजू कोरडी. बाहेरून हात फिरवला तर दमट. म्हणजे वाफ. बाथरूमला हवा बाहेर टाकणारा पंखा नाही, आणि आधीच्या भाडेकरूंचं कपाट त्या कोपऱ्याला भिंतीला चिकटून होतं, त्यामुळे मागे हवा फिरत नव्हती. काकू पंखा बसवून देतील, मी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवीन. डाग पुसून रंग त्या देतील. हे सगळं करारात.

२० फेब्रुवारी

सुट्टी काढून नव्या घरापासून ऑफिसपर्यंत खरा प्रवास करून पाहिला, गर्दीच्या वेळी, ऑफिसच्या चपलांत. घड्याळात ५८ मिनिटं. परतताना ६३. ठीक.

२२ फेब्रुवारी, रविवार

करार. काकूंचा मुलगा आला होता, त्यानेच मसुदा केला होता. नीट वाचून घेतला, दोन तास लागले. त्याने एकदाही घड्याळ पाहिलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

बदल करून घेतलेले मुद्दे: मसुद्यात मी तीन महिने आधी नोटीस द्यायची आणि त्यांनी एक महिना, असं होतं, दोन्हीकडे दोन महिने केलं. तिथेच मी जास्त अडून बसले, कारण आत्ताच्या घरातून निघताना आम्हाला हाच वेळ कमी पडला. डिपॉझिट घर सोडल्यापासून किती दिवसांत परत आणि कशाकशाचे पैसे कापता येतील, हे शब्दांत लिहिलं. 'नेहमीच्या वापराने होणारी झीज कापायची नाही' हे वाक्य घातलं. पाइप, वायरिंग, गळती त्यांच्याकडे. दिवे, वॉशर माझ्याकडे. घरात यायचं असेल तर एक दिवस आधी सांगायचं. भाडं किती आणि कधी वाढणार ते आकड्यात.

आणि आईची कलमं: जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पट्टी लावायची परवानगी, बाथरूमच्या भिंतीत भोकं पाडून दोन दांडे बसवायची परवानगी, आणि घर सोडताना ते दांडे काढायची सक्ती नाही. शेवटचं काकूंनी स्वतःहून सुचवलं. "राहू देत. मलाही लागतीलच की."

१ मार्च, रविवार

चाव्या मिळाल्या. सामान यायच्या आधी रिकाम्या घराचे फोटो काढले: प्रत्येक भिंत, प्रत्येक खिडकीची कडी, फुटलेली एक टाइल जवळून आणि लांबून, सिंकच्या खालचा पाइप, विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे. काकूंनाही पाठवले, म्हणजे तारीख दोघींकडे राहिली. दारांची कुलुपं त्यांच्यादेखत बदलली, एक चावी त्यांच्याकडे पाकिटात बंद.

पंखा बसला. जिन्यातला दिवा बदलला, खालच्या पायऱ्यांवर आता १५०.

मग पट्ट्या. पिवळी आधी लावून पाहिली, आईला जुन्या मातकट फरशीवर ती वेगळी दिसेना. पांढरी दिसली, पण उतरताना दोन पट्ट्या एकमेकींत मिसळतात म्हणाली. शेवटी पायरीच्या अगदी कडेला पांढरी आणि तिला लागून काळी, अशी जोडी. तीन तास जिन्यात बसून दोघींनी लावल्या. मी कापत होते, ती हाताने दाबत होती. वरच्या मजल्यावरचा एक मुलगा शाळेच्या दप्तरासह येऊन बसला आणि त्याने शेवटच्या चार लावल्या.

७ मार्च

राहायला आलो. उरलेली कामं: बाथरूमचा दुसरा दांडा, बेडरूम ते बाथरूम रात्रीचे छोटे दिवे, डागाच्या कोपऱ्यावर महिनाभर लक्ष.

८ मार्च, रविवार

सकाळी उठले तर आई घरात नव्हती. दार नुसतं लोटलेलं. मी धावत जिन्यात आले तर ती खालून वर येत होती, हातात वर्तमानपत्र, तोंडाने हळूहळू आकडे म्हणत. मला पाहून थांबली नाही, मोजणं तुटू नये म्हणून. वर पोचली आणि म्हणाली, "सतरा."

मी म्हटलं, "सोळा आहेत गं. मी टेपने मोजल्या आहेत."

"आपला उंबरा कोण धरणार?"

खाली जाऊन पुन्हा मोजलं. उंबरा धरून सतरा. उंबऱ्याला पट्टी लावायची राहिली आहे.